साखरीचा कोनता पाय?

चालत्या घोडीवर बसून बशीतून चहा पिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. मालक साखरीवर स्वार झाले की मालकीणकाकू खालून काठोकाठ भरलेली बशी वर देत. ती पाच बोटांवर तोलून ते टाच लावत, साखरी चालू लागे, आणि पिंपळगाव राजाच्या बाजारओळीतून मळ्याच्या वाटेला लागेपर्यंत भुर्र भुर्र करत चहा संपे. एक थेंब सांडत नसे. रिकामी बशी ते वाटेतल्या शिंप्याच्या ओट्यावर वाकून ठेवत आणि शिंपी ती दुपारी घरी पोचवी. ओट्यावर बशी दिसली की गाव समजे, मालक मळ्यात गेले.

त्यांना नाव होतं, पण ते मी कधी वापरलं नाही. मी त्यांचा भाडेकरू, म्हणून ते मालक. गावही त्यांना मालकच म्हणे, आणि काकूसुद्धा रागावल्या की म्हणत.

मी सातारच्या बाजूचा. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आता सगळे मराठी एक झाले या समजुतीत मी पिंपळगाव राजाच्या हायस्कुलात सायन्सचा मास्तर म्हणून रुजू झालो. समजूत पहिल्याच दिवशी दाराशी अडली. खोली विचारायला गेलो तर काकू म्हणाल्या, "थांबा, ते जेवून राह्यले."

आमच्याकडे एखादा जेवून राहिला म्हणजे जेवला आणि मुक्कामाला थांबला. मी म्हणालो, "बरं झालं. मग बोलवा ना त्यांना."

"कसं बोलवू? जेवून राह्यले म्हनलं ना."

"हो, पण जेवण झालं ना?"

"झालं नाई. जेवून राह्यले!"

आवाज चढलेला ऐकून मालक खरकटा हात तसाच धरून बाहेर आले. "काय भानगड हाय?"

"हे मास्तर तुमचं जेवन संपवून राह्यले," काकू म्हणाल्या.

खोली मिळाली. 'राह्यले'चा घोळ मात्र मिटला नाही. तिकडे पाऊस पडून राह्यला म्हणजे पडतो आहे, मास्तर शिकवून राह्यला म्हणजे शिकवतो आहे. मला ते कळायचं, पण कानात आधी आमच्याकडचा अर्थ शिरायचा आणि मग मी तो मनातल्या मनात दुरुस्त करायचो. पुढची सगळी वर्षं मी त्या गावात असा एक पाऊल मागे राहून ऐकत होतो.

मालकांचा स्वभाव सांगायचा तर त्यांचं एक वाक्य पुरेसं आहे, "थांबा, आपन पुन्यांदा पाहू." भाजीत मीठ कमी आहे असं कोणी म्हटलं की ते डोळे मिटून एक घास घेत, मग डोळे उघडून दुसरा घेत, आणि दोन्हींची चव वेगळी लागली असं सांगत. भिंतीवरचं घड्याळ सकाळच्या एस.टी.वर लावत आणि दुपारची एस.टी. घड्याळाप्रमाणे उशिरा आली म्हणून कंडक्टरशी भांडत. मुलीचं लग्न ठरवताना मुलाला घरी पाहिलं, मग पुन्यांदा पाहायला नागपूरला गेले, आणि त्यानंतर तो मुलगा एकदा कामासाठी खामगावला आला असताना त्याला चहाच्या दुकानात लांबून पाहून आले. "मला मुलीपेक्षा सासऱ्यांनीच जास्त वेळा पाहिलं," असं जावई हसून सांगायचा. हा जावई लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

त्यांची पाठ वाईट होती. तरुणपणी भरल्या गाडीवरून पडले होते. बैलगाडीचा एक हिसका बसला की दोन दिवस आडवे. एस.टी.त सगळी बाकं रिकामी असली तरी खामगावपर्यंत वरची दांडी धरून उभे, आणि कंडक्टर तिकीट फाडताना म्हणे, "बसा ना बाप्पा, पैसे तेवढेच हायेत." घरातही ते फार चालत नसत. दाराशी घोडी, मळ्यात घोडी, बाजारात घोडी. दुसऱ्या कुठल्याही घोड्याची दुडकी चाल त्यांना सोसली नसती. साखरीची सोसायची, कारण साखरी रहवाल होती.

रहवाल म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात अंगणात समजावून सांगितलं. साधा घोडा दुडक्या चालीत कोनाकोनाचे दोन पाय एकदम उचलतो, म्हणून वरचा माणूस उडतो. रहवाल घोडा चारही पाय वेगवेगळे, एकामागून एक टाकतो. एखादा तरी पाय नेहमी जमिनीला लागलेला. पाठ पाण्यासारखी सपाट. हे सांगताना ते स्वतः हातापायांवर यायला निघाले होते, काकूंनी थांबवलं.

"तिच्या पाठीवर माही पाठ झोपते, मास्तर," ते म्हणाले.

हे सगळं बिघडलं ते एका जीपमुळे. जनावरांना सुया टोचायला नागपूरकडचे एक गुरांचे डॉक्टर बाजाराच्या दिवशी गावात आले होते. मालक नेहमीप्रमाणे बशी घेऊन बाजारओळीतून निघाले. डॉक्टरांनी जीप बाजूला घेतली, साखरी पुढे जाईपर्यंत मागून पाहिलं, आणि हाक मारून म्हणाले, "घोडी मागून लंगडतेय हो तुमची."

"लंगडत नाई. रहवाल हाय," मालक म्हणाले.

"असेल. पण दुखावलेलं जनावरसुद्धा कधीकधी असंच मऊ चालतं. पाय जपून टाकतं ना." एवढं बोलून डॉक्टर जीप चालू करून निघून गेले. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं.

मी तिथेच भाजी घेत होतो. मालक तसेच बसून राहिले. बशीत अर्धा चहा होता. तो त्यांनी प्यायला नाही, सांडलाही नाही. मला म्हणाले, "मास्तर, धरा." मी बशी धरली. ते उतरले, साखरीच्या मागच्या पायांकडे बघत उभे राहिले आणि मग लगाम हातात धरून तिच्या शेजारून घरी चालत गेले. मी मागून बशी घेऊन. माझ्याच्यानं चहा घरापर्यंत टिकला नाही, सगळा बाहीवर आला.

संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. "मास्तर, मले येक सांगा. मले वाटून राह्यलं का तिची चाल चांगली हाय म्हनून माही पाठ सुखात हाय. अन् असं असन का तिचा पाय दुखते म्हनून माही पाठ सुखात हाय, तं?"

मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"म्हंजे इतके वर्सं मी चहा पिऊन राह्यलो अन् थे खालून दुखनं सोसून राह्यली. असं असन काय?"

"तसं नसेल," मी म्हणालो.

"नसन म्हनता. पन नाई असं म्हनत नाई तुमी." ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "जवरिक हे ठरत नाई तवरिक मी तिच्यावर बसत नाई."

आणि बसले नाहीत. मळ्यात जायचं तर बैलगाडीतून, घोंगडीची घडी पाठीशी घेऊन, दात आवळून. परतले की अंगणात पालथे पडत. शिंप्याच्या ओट्यावर बशी दिसेनाशी झाली आणि गावाला मालक कुठे असतात ते कळेनासं झालं.

ठरवायचं कसं, हा प्रश्न होता. ते साखरीला अंगणात फिरवून दिवसभर पाय पाहत. काल डावा वाटला, आज उजवा वाटतो. मला बोलवत. मला तर डावा-उजवा हेच जन्माचं कोडं आहे; उजवा कोणता हे कळायला मला आजही जेवायचा हात आठवावा लागतो. आणि चालत्या घोडीचे चार पाय एकदम बघायला बसलं की थोड्या वेळानं आपल्यालाच किती पाय आहेत ते आठवेनासं होतं. मालकांना वाटलं, डोळे चालतात म्हणून घोळ होतो. चाल थांबवून पाहता आली पाहिजे. "तुमी सायन्सचे ना? फोटो काढाचा इलम तुमच्याच सायन्सातला हाय."

मी कॅमेरा कधी हातात धरलेला नव्हता. पण खामगावहून एक फोटोवाले आले. लग्नाचे आणि मयताचे फोटो काढण्यात त्यांचा हात बसलेला. त्यांना हलणाऱ्या गिऱ्हाइकाची सवय नव्हती. काळ्या कापडात डोकं घालून ते साखरीला म्हणायचे, "हलू नका, हं." साखरी खरोखरच थांबायची. मालक ओरडायचे, "अहो, हलताना पायजे!" ती चालायला लागली की फोटोवाले डोकं बाहेर काढून विचारायचे, "आता कशी काढू? ही तर हलून राह्यली."

पहिले फोटो आले. एकात साखरीला सहा पाय होते. एकात पुढून दोन होते आणि मागे नुसता धूर. एकात घोडी नव्हतीच, काकू वाळवण घालत होत्या. मालकांनी ते ओसरीवर एका ओळीत मांडले आणि दिवसभर त्यांच्यापुढे पालथे पडून राहिले. "सहा पायाची तं लंगडनार नाई," असं एकदा म्हणाले. थट्टा करत होते का, हे मला आजवर समजलेलं नाही.

फोटोवाल्यांना पुन्हा बोलावलं, या वेळी भर उन्हात. आणि कमाल झाली. एक फोटो लख्ख आला. साखरी चालत होती, चारही पाय स्वच्छ दिसत होते, खूर न् खूर. मालकांनी भिंग घेतलं. सगळे पाय एकदम जमिनीवर! रहवाल घोडीचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवर असू शकतात, अशी त्यांची खात्री पटत चालली. मी म्हणालो, तसे असतील तर ती उभी आहे. ते म्हणाले, मान पाहा, शेपूट पाहा, उभी घोडी अशी असते काय? तेही खरं होतं. ती चालत होती आणि उभी होती. मी वर्गात न्यूटन शिकवून यायचो आणि घरी हा फोटो बघून सगळं विसरायचो.

शेवटी फोटोवाल्यांनाच विचारलं. ते खूश होऊन म्हणाले, "पाय हलले होते ना, मी ब्रशानं नीट करून दिले. नवरीचा हात हलला तं आपन तोच करतो. येकयेक खूर काढला बाप्पा."

मालकांनी फोटो पालथा घातला. भिंग पुसून फडताळात ठेवलं. त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा काळजी वाटली. एवढा पुन्यांदा पाहणारा माणूस, आणि पुन्यांदा पाहण्यासारखं जे हाती आलं ते ब्रशानं काढलेलं.

मग दिवाळीला जावई आला. त्याच्याकडे सिनेमा काढायचा एक छोटा चावीचा कॅमेरा होता, कुणा साहेबाकडून घेतलेला. मालकांनी त्याला गोड घास पोटात जाऊ दिला नाही. जावई बैलगाडीत कॅमेरा घेऊन बसला, गाडी साखरीच्या डाव्या बाजूनं तिच्या बरोबरीनं चालली. साखरीवर कुणी बसायचं नाही, असं ठरलं होतं. कायसर, म्हणजे तिला न्यायची दोरी, घेऊन शेजारून कुणीतरी चालायला हवं होतं. साखरी परक्याचं ऐकत नसे म्हणून मालकच चालले, मळ्याच्या सरळ वाटेनं. कॅमेरा करकरत होता. जावई म्हणत होता, "बाबा, इकडे नका बघू." ते इकडे बघतच नव्हते. ते मागे वळून पाय बघत होते.

रीळ मुंबईला धुवायला गेलं. ते येईपर्यंत महिना लोटला, आणि त्या महिन्यात मालक रोज बैलगाडीनं पोस्टात जाऊन पोस्टमनला छळत होते. रीळ घेऊन जावई पुन्हा आला तेव्हा त्यानं दाखवायचं मशीनही आणलं. गावात वीज आलेली होती. दिवेलागण झाल्यावर अंगणाच्या मधोमध दोरी बांधून पांढरी चादर लावली. सिनेमा आहे म्हटल्यावर अर्धं गाव लोटलं. पुरुष मशीनच्या बाजूला बसले. बाया न सांगता चादरीच्या पलीकडे जाऊन बसल्या. तंबूचा सिनेमा गावात यायचा तेव्हाही त्या पलीकडेच बसायच्या, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

मालक उभे राहून म्हणाले, "ध्यान देऊन पाहा. साखरी कोनता पाय जपून टाकते थे मले सांगा. लाजू नका, खरं सांगा."

चादरीवर साखरी आली. अंगणात एकदम ओरडा झाला, मग शांत झालं. मालक तिच्या शेजारून चालत होते, धोतर, टोपी, हातात कायसर. दोघं उजवीकडून आली आणि डावीकडे गेली. एवढंच. संपल्यावर पुन्हा लावलं. मालक म्हणतच होते, "थांबा, पुन्यांदा पाहू," आणि जावई रीळ गुंडाळत होता.

मग विचारणं सुरू झालं. पुरुष म्हणाले, "मागचा डावा." शिंपी म्हणाला डावा, कोतवाल म्हणाला डावा. चादरीच्या पलीकडून बाया म्हणाल्या, "उजवा." "डावा बे!" "काऊन डावा? आमाले डोये नाईत काय? उजवा!" काकूंचाही आवाज आला, "उजवाच." भांडण चांगलं रंगलं. मी घास घ्यायचा हात दोन-तीनदा आठवून पाहिला आणि गप्प बसलो.

मालकांचा चेहरा मात्र उजळत गेला. दोन्ही हात वर करून ते म्हणाले, "अर्धं गाव डावा म्हनते, अर्धं गाव उजवा म्हनते. म्हंजे कोनताच नाई! दुखता पाय असता तं येकच सांगतला असता ना सगळ्याईनं!" त्यांनी साखरीच्या गळ्यात हात टाकला आणि लोकांदेखत रडले. काकूंनी सगळ्यांना चहा केला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर तपासत बसलो होतो. टीपकागद उचलला आणि त्यावर माझीच सही उलटी उमटलेली दिसली. मी ती बराच वेळ पाहत राहिलो. मग मला चादर आठवली, तिच्या पलीकडच्या बाया आठवल्या. पलीकडून पाहिलं की डावा तो उजवा दिसतो. म्हणजे गावाचं भांडण नव्हतंच. सगळ्या गावानं एकच पाय सांगितला होता.

बाहेर आलो तर मालकांनी साखरीवर खोगीर चढवलं होतं. एक हात खोगिरावर, आणि काकू दारात बशी घेऊन उभ्या. इतक्या दिवसांनी. त्या वेळी गप्प बसावं असं मला फार वाटलं. पण मालकांनी माझं तोंड पाहिलं आणि पाय खाली ठेवला. "काय झालं, मास्तर?"

मी टीपकागद दाखवला. त्यांनी तो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मग खोगिराचा पट्टा सोडू लागले. पट्टा सुटत नव्हता. "म्हंजे लंगडते," ते म्हणाले. "सगळ्याईले दिसलं. मलेच नाई दिसलं."

तेव्हा काकू बोलल्या. बशी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "म्या उजवा म्हनलं, पन थे घोडीचं नाई म्हनलं."

"मंग कोनाचं म्हनलं?"

"तुमचं."

मालक पट्टा धरून तसेच थांबले.

"घोडीले काय पाहाचं? घोडी तं रोज दारात हाय. तुमाले पाह्यलं म्या. लगन झाल्यापासून तुमी घोडीवर, नाई तं गाडीवर, नाई तं आडवे. तुमाले सरळ वाटेनं चालताना म्या कवा पाह्यलंच नाई. काल चादरीवर पाह्यलं." काकूंनी त्यांच्या पायाकडे बोट दाखवलं. "उजवा पाय ओढून राह्यले तुमी. येकयेक पाऊल अडखळून राह्यले. अन् तिची दोरी तुमच्याच हातात. तुमी अडखळले का थे थांबते, तुमी चालले का थे चालते. मंग लंगडन नाई तं काय करन?"

मालकांनी अंगणात चार पावलं टाकून पाहिली. आम्ही सगळे बघत होतो, आणि आता दिसल्यावर दुसरं काही दिसेना. पाय ओढत होता. ते थांबले, खाली पाहिलं आणि म्हणाले, "हा तं डावा हाय."

"चादरीच्या मागून उजवा दिसला," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

मला हसू आलं आणि रडूही, आणि त्यात काय आधी आलं ते सांगता येणार नाही.

खरं-खोटं करायला मग दोरी माझ्या हातात दिली; घरात राहून मी साखरीला परका उरलो नव्हतो. मला घोड्याची भीती वाटते, पण ती सांगायची वेळ नव्हती. मालक उपड्या बादलीवर बसले. मी साखरीला घेऊन वाटेनं निघालो. ती माझ्या शेजारून टक टक टक टक अशी इतकी सरळ चालली की मलाच तिच्यामागे पळावं लागलं. "थांबा, पुन्यांदा पाहू," मालक म्हणाले. पुन्हा नेली. पुन्हा तशीच. ऊन डोक्यावर आलं तरी ते पुन्यांदा पाहतच होते.

शेवटी म्हणाले, "मास्तर, बरी हाय काय थे?"

"बरी दिसते."

"दिसते म्हनता. हाय काय?"

"मला खरंच कळत नाही, मालक."

"मलेही नाई." ते साखरीच्या पाठीवरून हात फिरवत होते. "डाक्टरनं पाह्यलं तवा मी वर होतो. माही पाठ वाकडी, पाय वाकडा. म्हंजे मी वाकडाच बसत असन. माह्या वजनानं थे वाकडी चालत असन. तिचं काई दुखत नसन, पन माह्यामुळं दुखू शकते. असं असन काय?"

असेल. नसेल. मी सायन्सचा मास्तर होतो आणि मला या दोन शब्दांपलीकडे काही येत नव्हतं.

"मंग नाईच बसत," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले, जेवायला नको म्हणावं तसं.

त्यानंतर ते चालायला लागले. अकोल्याच्या एका डॉक्टरांनी पाठीतली नस दबली आहे असं सांगितलं, पट्टा दिला आणि रोज चाला म्हणून सांगितलं. ते साखरीच्या शेजारून चालत, कायसर ढिली सोडून, आणि एका हातात बशी. आता मात्र चहा सांडायचा. बाजारओळीतून जाताना त्यांच्या मागे धुळीत थेंबांची रांग पडायची आणि लोक हसायचे. तेही हसायचे. म्हणायचे, "आता समजलं ना, कोन लंगडते?" शिंप्याच्या ओट्यावर पुन्हा बशी दिसू लागली.

एकदा तेच गुरांचे डॉक्टर पुन्हा गावात आले. त्यांनी जीपमधून मान बाहेर काढून साखरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा! काय सुंदर रहवाल आहे हो."

मालक रस्त्यात थांबले. "डाक्टरसाहेब, मागच्या खेपेले तुमीच म्हनले होते का लंगडते."

"मी?" डॉक्टर म्हणाले. "छे. दुसरं कुणी असेल."

"थांबा, पुन्यांदा पाहा."

"पाहिलं की. उत्तम आहे," म्हणत ते निघून गेले. मालक घरी येऊन इतके हसले की पट्टा सैल करावा लागला. मी विचारलं, "मग आता बसणार का?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "नाई. आता तिच्यासंगं चालाची सवय लागली. वरून तिचं तोंड दिसत नव्हतं."

पुढे माझी बदली बुलढाण्याला झाली. दर सुट्टीत जाईन म्हटलं आणि गेलो नाही, जसं सगळ्यांचं होतं. मालक गेल्याचं मला जावयाकडून उशिरा कळलं. मी एस.टी.नं पिंपळगाव राजाला गेलो. बाकावर जागा होती, पण का कोण जाणे, दांडी धरून उभा राहिलो.

साखरी अंगणात होती. म्हातारी झाली होती. मला तिनं ओळखलं असं मी म्हणेन, पण खात्री नाही. काकूंनी चहा दिला, कपबशीत. उन्हं उतरल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, थे मशीन हाय घरातच. ह्यायनं जावयाले नेऊच देलं नाई, पुन्यांदा पाहाले लागन म्हने. तुमाले लावता येते काय?"

मला येत नव्हतं. खटपट करून लावलं. दोरी होती, चादर काकूंनीच आणली. मी बाजेवर बसायला जागा केली तर त्या चादरीच्या पलीकडे निघाल्या.

"काकू, इकडे बसा ना. आता कोण आहे?"

"नाई. म्या तिकूनच पाह्यले होते," त्या म्हणाल्या आणि पलीकडे जाऊन जमिनीवर बसल्या.

मशीन करकरलं. उजवीकडून दोघं आली. मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यात घोडी पाहिली नाही. टोपी पाहिली, मागे वळलेली मान पाहिली, ओढत पडणारा पाय पाहिला. तो डावा होता की उजवा, मी हात आठवून पाहिला नाही. पलीकडे काकू हलत नव्हत्या. मला चादरीवर फक्त मालक आणि साखरी दिसत होते, आणि त्यांच्यामागे कुठेतरी काकू.

"दिसतंय का नीट?" मी विचारलं.

दोघं चादरीच्या मधोमध आली. मग पलीकडून हळू आवाज आला, "हाव. ते चालून राह्यले."

माझ्या सातारी कानाला ते पुन्हा चुकीचंच ऐकू आलं, चालले आणि मुक्कामाला थांबले. या वेळी मी ते दुरुस्त केलं नाही.